दोन वासरं वाकडी जन्मली म्हणून सगळ्या गायींची जनुकीय चाचणी करायची का?

संगमनेर तालुक्यातल्या एका गोठामालकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे १८ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी आहेत. गेल्या दीड वर्षात दोन वासरं मेलेली जन्मली. दोघांचेही पुढचे पाय मुडपलेले होते आणि एकाची मान फारच आखूड होती. दोन्ही गायी एकाच वळूच्या कांडीने, म्हणजे गोठवलेल्या रेताच्या नळीने, भरवलेल्या. आता एक प्रतिनिधी सगळ्या गायींची ‘संपूर्ण जनुकीय तपासणी’ करून घ्या म्हणतोय. दुसरा म्हणतोय, आमची इम्पोर्टेड कांडी वापरा, तपासणीची गरजच नाही. शेवटी त्यांनी विचारलंय, गाय वाहक (स्वतः निरोगी, पण अंगात सदोष जनुक असलेली) निघाली तर विकून टाकायची का?

दादा, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण याच भीतीपोटी घाईचे निर्णय होतात. वाहक निघाली म्हणून दुधाची चांगली गाय विकायची नाही. १८ गायींच्या तपासणीवर आज पैसे घालावेत असंही मला वाटत नाही. आधी तपासायचा तो वळू. पण त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागेल: हा दोष वाणातून, म्हणजे आईबापांकडून, आलाय की बाहेरून?

वाकडं वासरू जन्मलं की आजकाल लगेच ‘जेनेटिक’ म्हणतात. पण बाहेरची कारणं कमी नाहीत. गाय भरवल्यानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोलसारखं जंतनाशक पाजलं गेलं तर वासराच्या घडणीत दोष येऊ शकतो. अ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असेल तर आंधळी वासरं होतात. अकाबानेसारखे काही विषाणू चिलटांमार्फत पसरतात. गायीला स्वतःला काही झाल्याचं दिसतही नाही, पण पोटातल्या वासराचे सांधे आखडतात. म्हणून मी गोठ्यावर गेलो की आधी नोंदवही मागतो आणि तीन गोष्टी बघतो: वासरं कोणत्या महिन्यात जन्मली, त्यांचे बाप कोण आणि आया एकमेकींच्या नात्यातल्या आहेत का.

एक उदाहरण देतो. आमच्या भागातल्या एका गावात एकाच हिवाळ्यात तीन गोठ्यांवर पाय आखडलेली वासरं जन्मली. गावात चर्चा एकच, ‘सीमेन खराब आलंय.’ मी बघितलं तर दोन गायी वेगवेगळ्या वळूंच्या कांडीने भरवलेल्या आणि तिसरी चक्क खिल्लार, गावच्या वळूने फळलेली. तिघींचा वाणाचा काही संबंध नाही. तारखा मागे मोजल्या, तेव्हा पावसाळा संपता संपता तिन्ही गायी चौथ्या-पाचव्या महिन्यात होत्या. अशी मांडणी दिसली की माझा संशय विषाणूवर जातो, वळूवर नाही. एकाच हंगामात, वेगवेगळ्या बापांची, शेजारशेजारच्या गोठ्यांतली वासरं असतील तर कारण बहुधा बाहेरचं असतं. वेगवेगळ्या हंगामात, पण एकाच बापाची आणि नात्यातल्या गायींची वासरं असतील, तर वाणाकडे बघायचं.

तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकाराकडे झुकतंय. दोन वेतांमध्ये अंतर आहे, वळू एकच आहे आणि दोन्ही वासरांचे पाय सारखेच मुडपलेले आहेत. आखूड मान आणि दोन्ही बाजूंना सारखेच आखडलेले सांधे हे एचएफमधल्या सीव्हीएम या मणक्याच्या दोषाशी जुळतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००० च्या सुमारास तो ओळखला. त्यातली बरीच वासरं दिवस भरण्याआधीच गाभडून जातात आणि जी जन्मतात ती बहुधा मेलेली असतात. तरी मी खात्री देत नाही. फोटो नाही, शवविच्छेदन नाही, नमुना नाही. एवढ्यावर नाव ठेवणं बरोबर नाही. शिवाय त्या दोन्ही गायींचे बाप कोण हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा धागा आहे.

आता हे दोष पुढच्या पिढीत जातात कसे, ते बघू. एचएफमधले चाचणीत येणारे बहुतेक दोष अप्रभावी प्रकारचे आहेत. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. हे बँकेच्या लॉकरसारखं आहे: दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय दार उघडत नाही, तसं दोन्ही प्रती सदोष असल्याशिवाय आजार होत नाही. एकच प्रत सदोष असलेला प्राणी म्हणजे वाहक. तो चारचौघांसारखा खातो, वाढतो, दूध देतो, गाभण राहतो. अंगावर बघून तो ओळखता येत नाही.

वाहक वळू आणि निर्दोष गाय यांचं एकही वासरू आजारी होणार नाही, फक्त साधारण निम्मी वासरं वाहक होतील. वाहक वळू आणि वाहक गाय एकत्र आले, तरच दर वासरामागे चारात एक शक्यता आजारी वासराची असते. आणि वळू त्या दोषापासून मुक्त असेल, तर गाय वाहक असो नसो, त्या दोषाचं आजारी वासरू होतच नाही. सगळा खर्चाचा हिशोब या शेवटच्या वाक्यावर बेतलेला आहे. तुमच्या गायी १८ आणि वळू वर्षाला दोन किंवा तीन. एका बाजूची खात्री पुरणार असेल, तर जिथे जनावरं कमी आहेत ती बाजू तपासायची. तीही बहुतेक वेळा तुमच्या खर्चाने नाही, कारण चांगल्या वळूचा निकाल कांडी विकणाऱ्याकडे आधीच असायला हवा.

मग घोळ कुठे होतो? नात्यात भरवण्यात. गावात एखाद्या वळूच्या कांड्या चार-पाच वर्षं येत राहतात. पहिल्या वर्षी त्याची कालवड जन्मते, ती माजावर येते, तंत्रज्ञ येतो आणि त्याच्या टाकीत त्याच वळूची कांडी असते. बाप लेकीलाच लागतो. बाप वाहक असेल, तर लेक वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि त्या जोडीच्या प्रत्येक वासरामागे आठात एक शक्यता आजारी वासराची. त्या दोन गायींपैकी एखादी याच वळूची, किंवा त्याच्या बापाची अथवा भावाची लेक आहे का, हे म्हणूनच मला हवंय.

वाहक गाय विकू नका असं मी ठामपणे म्हणतो, त्यामागे या जातीचा इतिहास आहे. कार्लिन-एम आयव्हॅनहो बेल हा १९७४ साली जन्मलेला अमेरिकन होल्स्टीन वळू. त्याच्या मुली दुधाला इतक्या चांगल्या निघाल्या की त्याचं सीमेन जगभर गेलं. पुढे कळलं की तो दोन दोषांचा वाहक होता: ब्लॅड आणि सीव्हीएम. ब्लॅडमध्ये पांढऱ्या पेशी रक्तात भरपूर असतात, पण जखमेपर्यंत पोचू शकत नाहीत. वासराच्या हिरड्या सुजतात, तोंडात व्रण पडतात, कानातल्या बिल्ल्याची साधी जखमही महिनोन्‌महिने भरत नाही आणि ते लहानपणीच दगावतं.

दुसरं उदाहरण पॉनी फार्म आर्लिंडा चीफ या वळूचं, जन्म १९६२. आजच्या होल्स्टीन जातीत सुमारे १४ टक्के वारसा एकट्या त्याचा आहे. त्याच्याकडून एपीएएफ१ नावाच्या जनुकातला दोष पसरला. दोन सदोष प्रती आलेला गर्भ पोटातच मरतो. संशोधकांच्या अंदाजाने त्या दोषामुळे ३५ वर्षांत जगभरात सुमारे ५ लाख २५ हजार गर्भपात झाले आणि नुकसान सुमारे ४२ कोटी डॉलरचं झालं. त्याच वळूच्या वाणाने वाढलेल्या दुधाची किंमत मात्र त्याच संशोधकांनी सुमारे ३,००० कोटी डॉलर धरली आहे. दोष पसरला तो वाहक जनावरं गोठ्यात होती म्हणून. नुकसान झालं ते कोण वाहक हे माहीत नसताना त्यांची जोडी लागली म्हणून. आज ते माहीत करून घेता येतं.

मांसाच्या जातींमध्ये हे प्रकरण आणखी उघडपणे घडलं. २००८ साली अमेरिकेत अँगस जातीत कमरेत वाकलेली, पाय आखडलेली मेलेली वासरं जन्मत असल्याच्या तक्रारी एकत्र आल्या. जनुकशास्त्रज्ञ डॉ. जोनाथन बीव्हर यांनी शोध घेतला तेव्हा धागा जीएआर प्रिसिजन १६८० या अतिशय लोकप्रिय वळूपर्यंत आणि त्याच्याही पूर्वजांपर्यंत गेला. काही महिन्यांतच डीएनए चाचणी आली. अमेरिकन अँगस असोसिएशनने निकाल लपवले नाहीत, वाहकांच्या याद्या जाहीर केल्या. सुरुवातीला घबराट झाली, वाहकांचे भाव पडले. पण ज्यांनी शांतपणे कळप तपासला, वाहक गायींना मुक्त वळू लावले आणि त्यांच्या पोटची मुक्त वासरं पैदाशीला ठेवली, त्यांचा चांगला वाण हातातून गेला नाही. तिथे वळू गायींमध्ये मोकळा सोडायची पद्धत मोठी आहे, म्हणून गोठामालकाला स्वतःच्या वळूची चाचणी करावीच लागते. आपल्याकडे कृत्रिम रेतनामुळे वळू दूर कुठेतरी असतो आणि आपण फक्त कांडी बघतो.

याआधीच्या काळाची कल्पना यावी म्हणून सांगतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या हेरफर्ड जातीत बुटक्या वासरांचा दोष पसरला होता. डीएनए चाचणी नव्हती. वळू निर्दोष आहे हे ठरवायचा एक मार्ग म्हणजे तो त्याच्याच मुलींना लावून बघायचा. ९५ टक्के खात्रीसाठी वेगवेगळ्या मुलींची लागोपाठ २३ वासरं धडधाकट जन्मावी लागतात. यात वर्षं जात. आज तेच काम शेपटीच्या मूठभर केसांवर होतं.

आता कांडी आणि कॅटलॉगकडे येऊ. आपल्याकडच्या रेत केंद्रांसाठी केंद्र सरकारची किमान मानकं आहेत. त्यांनुसार वळूची गुणसूत्र तपासणी व्हावी लागते आणि एचएफ व त्याच्या संकरित वळूंची ब्लॅड, सिट्रुलिनेमिया (अंगात अमोनिया साठून वासरू दगावतं), डम्प्स (गर्भ पोटातच मरतो) आणि फॅक्टर इलेव्हनची कमतरता (रक्त नीट गोठत नाही) या दोषांसाठी चाचणी लागते. हा मोठाच आधार आहे, आणि म्हणून मी मान्यताप्राप्त केंद्राचीच कांडी वापरा म्हणतो. पण या चार नावांत सीव्हीएम नाही, हे बघा. तो निकाल वेगळा विचारावा लागेल.

इम्पोर्टेड कांडीच्या कॅटलॉगमध्ये वळूच्या नावापुढे दोन-दोन इंग्रजी अक्षरं असतात. टीएल म्हणजे ब्लॅडसाठी तपासलेला आणि मुक्त, टीव्ही म्हणजे सीव्हीएममुक्त, टीडी म्हणजे डम्प्समुक्त, टीवाय म्हणजे ब्रॅकिस्पायना या आखूड मणक्याच्या दोषापासून मुक्त. उलट बीएल, सीव्ही, डीपी, बीवाय ही अक्षरं वाहकाची. नावापुढे काहीच नसेल, तर ‘मुक्त’ असं समजू नका, ‘लिहिलेलं नाही’ एवढंच समजा आणि विचारा. सीमेन किती सालचं आहे तेही बघा. द्रवरूप नायट्रोजनमध्ये कांडी दशकानुदशकं टिकते. कोलेस्टेरॉलच्या कमतरतेचा दोष २०१५ साली समोर आला, त्यात वासरं जुलाबाने खंगून मरतात. त्याआधी छापलेल्या कॅटलॉगमध्ये त्याचा उल्लेख असणारच नाही.

म्हणून ‘इम्पोर्टेड आहे, तपासणीची गरज नाही’ हे मला पटत नाही. यातले बरेचसे दोष मुळात तिकडच्याच नामांकित वळूंकडून आले. भारतात झालेल्या ब्लॅडच्या तपासण्यांतही वाहक सापडले ते एचएफ आणि एचएफ संकरित जनावरांत. लिंगवर्गीकृत सीमेन घेतलं म्हणूनही यात फरक पडत नाही. त्याने कालवड होण्याची शक्यता वाढते, दोष गाळला जात नाही.

गायींची चाचणी कधीच करू नये असं मात्र नाही. तुम्ही घरचा गोऱ्हा वळू म्हणून ठेवणार असाल, तर आधी त्याची चाचणी करा. एखाद्या गायीचं गोऱ्हं रेत केंद्राला द्यायचं असेल किंवा तिच्यापासून भ्रूण काढायचे असतील, तर तिची करा. सगळ्या कालवडी एकाच वळूच्या असतील आणि तो वाहक निघाला, तर त्या कालवडींची करायला हरकत नाही. विकताना विचारणा झाली तर कागद हाती असतो. पण वर्षाला कांडीने भरवायचं, कालवडी घरच्याच ठेवायच्या आणि दूध डेअरीला घालायचं, एवढंच असेल तर तो पैसा चाऱ्यावर आणि खनिज मिश्रणावर खर्च केलेला बरा.

चाचणी घ्यायची ठरलीच, तर कोणत्या दोषांसाठी हे आधी लिहून मागा. ‘संपूर्ण’ या शब्दाला प्रयोगशाळेत अर्थ नाही, दोषांची नावं लागतात. एचएफच्या दोषांची यादी खिल्लार किंवा डांगी गायीवर लावून उपयोग नाही. जातीगणिक दोष वेगळे असतात. जिनोमिक चिप, म्हणजे एकाच वेळी डीएनएतल्या हजारो जागा वाचणारी चाचणी, हा वेगळाच विषय आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते देशी गायींसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ यांचं उद्‌घाटन झालं. त्या मुख्यतः चांगल्या वाणाची निवड लवकर करता यावी म्हणून आहेत, तुमच्या संकरित गोठ्यातली वाकडी वासरं शोधण्यासाठी नाहीत.

नमुना घेताना बऱ्याच जणांचं चुकतं, म्हणून थोडं सविस्तर. शेपटीच्या गोंड्यातले केस हवेत, आणि ते कापायचे नाहीत, उपटायचे. डीएनए केसाच्या मुळाशी असतो. गोंडा आधी धुऊन पूर्ण वाळू द्या. दहा-बारा केस बोटाभोवती गुंडाळून झटक्यात ओढा. असे दोन-तीन झुपके घ्या. उजेडात धरून बघा, टोकाला पांढुरका फुगीर कंद दिसला पाहिजे. तो नसेल तर पुन्हा घ्या. केस कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये घामट होतात. पाकिटावर बिल्ल्याचा १२ अंकी नंबर लिहा, कारण ‘पांढरी गाय’ गोठ्यात चार असतात. जुळ्यात जन्मलेल्या जनावराचं रक्त पाठवू नका. पोटात असताना जुळ्यांचं रक्त एकमेकांत मिसळतं, तेव्हा रक्तात भावंडाचाही डीएनए असतो आणि निकाल फसवा येऊ शकतो. त्याचे केस किंवा कानाचा तुकडा द्या.

तर आता तुम्ही काय करायचं? त्या वळूची कांडी आजपासून थांबवा. ज्या तंत्रज्ञाने गायी भरवल्या त्याच्याकडून वळूचा नंबर आणि रेत केंद्राचं नाव घ्या. नळी फेकली असेल तरी त्याच्या नोंदीत किंवा सरकारी ऑनलाइन नोंदीत नंबर सापडतो. केंद्राला लेखी विचारा, या वळूची कोणकोणत्या दोषांसाठी चाचणी झाली आणि निकाल काय. सीव्हीएमचा निकाल नसेल, तर तंत्रज्ञाकडे त्याची एखादी कांडी शिल्लक आहे का बघा. एका कांडीतल्या सीमेनवर चाचणी होते. आणंदच्या एनडीडीबी काफ प्रयोगशाळेत जनुकीय चाचण्या होतात. नमुना कसा पाठवायचा हे तुमच्या पशुवैद्यकांकडून विचारून घ्या. सोबत फक्त त्या दोन गायींचे केस पाठवा, बाकी १६ गायींचे नकोत.

वळू वाहक आणि दोन्ही गायीही वाहक निघाल्या, तर कोडं सुटलं. त्या गायी ठेवा, पुढच्या वेळी टीव्ही लिहिलेल्या वळूने भरवा. या वळूच्या ज्या कालवडी गोठ्यात आहेत, त्यांनाही तसाच वळू लावा. वळू सीव्हीएममुक्त निघाला, तर निदान सीव्हीएमचा विषय संपला. मग जंतनाशकाच्या तारखा, पावसाळा आणि खनिज मिश्रण याकडे वळायचं. दोन्ही गायी आधी कधी गाभडल्या असतील, तर निकालाची वाट न बघता ब्रुसेलाची रक्तचाचणी करून घ्या. तो गायीकडून माणसालाही होणारा आजार आहे.

यापुढे असं वासरू जन्मलं, तर ते लगेच पुरू नका. हातमोजे घालून हाताळा. सरळ उभं धरून समोरून आणि बाजूने फोटो काढा, मान आणि चारही पाय दिसतील असे. कानाचा बोटभर तुकडा कापून स्वच्छ डबीत बर्फात ठेवा. डीएनए चाचणीसाठी तो फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नका, त्यात डीएनए खराब होतो. आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. आधीची दोन वासरं आता तपासता येणार नाहीत, पण त्यांच्या आयांचे बाप कोण हे अजून शोधता येईल. ते सापडलं, की मला तेवढं आधी कळवा.